पूर्वपक्षाचा प्रवास : पॅरिसपासून साष्टीपर्यंत

गोव्यात छापखाना उतरला तो ६ सप्टेंबर १५५६ रोजी, आणि तो गोव्यासाठी निघालेलाच नव्हता. ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला निघालेल्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांच्या सामानाबरोबर तो जहाजावर चढवला होता. पुढचा प्रवास रखडला आणि यंत्र गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात राहून गेले. भारतात छापलेले पहिले कागद याच यंत्रावर निघाले. त्यांत बायबल नव्हते की प्रार्थनाही नव्हत्या. ती होती ‘कोंक्लुझोइश’, म्हणजे विद्यार्थ्यांनी जाहीर सभेत मांडून सिद्ध करायच्या विधानांची यादी. तिची एकही प्रत उरलेली नाही. पाद्र्यांच्या पत्रांतून तिचा पत्ता लागतो. भारतातील मुद्रणाची सुरुवात वादसभेच्या कार्यपत्रिकेने झाली, ही गोष्ट छपाईच्या इतिहासात एका ओळीत आटोपली जाते. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मात्र तिला अधिक जागा मिळायला हवी.

या यादीमागे युरोपातील हजार-बाराशे वर्षांची घडण होती. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानाला ‘स्कोलॅस्टिक’ म्हणजे पाठशाळेचे, पंडिती तत्त्वज्ञान म्हणतात. त्याची रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही जितका बळकट मांडता येईल तितका. मग त्याच्या उलट एखादे प्रमाणवचन. मग आपला सिद्धान्त. आणि शेवटी पूर्वपक्षातल्या एकेका मुद्द्याचे खंडन. मीमांसक, नैयायिक आणि वेदान्ती शतकानुशतके हेच करत आले. दोन्ही परंपरांची गाठ पडण्याआधीच त्यांनी वादाचा सांगाडा जवळजवळ एकच बांधला होता.

ही रीत एकदम आली नाही. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने ग्रीक तत्त्वज्ञानाला, विशेषतः प्लेटोच्या परंपरेला ख्रिस्ती श्रद्धेच्या घरात जागा करून दिली. समजण्यासाठी विश्वास ठेवा, हे त्याचे सूत्र पुढच्या सर्वांनी गृहीत धरले. व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असतानाच तो वारला. शंभर वर्षांनी रोममध्ये बोएथियसने प्लेटो आणि ॲरिस्टॉटल हे दोघेही समग्र लॅटिनमध्ये आणण्याचा घाट घातला. राजद्रोहाच्या आरोपावरून सुमारे ५२४ मध्ये त्याला देहदंड झाला, तेव्हा तर्कशास्त्राचे काही ग्रंथच भाषांतरित झाले होते. पश्चिम युरोपला पुढची सहाशे वर्षे ॲरिस्टॉटल तेवढाच माहीत होता. ग्रीकमधल्या संकल्पनांना लॅटिन शब्द देताना बोएथियसची जी ओढाताण झाली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘व्यक्ती’ म्हणजे काय, याची त्याने केलेली व्याख्या ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वरूपांविषयीच्या वादासाठी घडवली होती आणि ती शतकांनंतरही वापरात राहिली. परक्या भाषेतला देव आपल्या भाषेत आणायचा तर आधी शब्दांची सोय लावावी लागते. हा प्रश्न पुढे गोव्यातल्या साष्टीत पुन्हा उभा राहिला.

अकराव्या शतकात नॉर्मंडीतल्या बेक मठात अन्सेल्म (१०३३–११०९) याने ईश्वराच्या अस्तित्वाची एक विलक्षण युक्ती शोधली. ज्याहून मोठे काही कल्पिता येत नाही ते केवळ मनात असेल, तर त्याहून मोठे असे प्रत्यक्षातले कल्पिता येईल. म्हणून ते प्रत्यक्षातही असलेच पाहिजे. गोनिलो नावाच्या साधूने लगेच तिला टोला लावला. या हिशेबाने सर्वांत उत्तम बेटही कुठेतरी असलेच पाहिजे, असे तो म्हणाला. अन्सेल्मने उत्तर लिहिले, आणि यापुढे आपल्या ग्रंथाच्या प्रती काढताना गोनिलोचा आक्षेप व आपले उत्तर दोन्ही सोबत उतरवावे, असे सांगितले. प्रतिपक्षाचा आक्षेप आपल्याच पोथीत बांधून देणारा लेखक कोणत्याही काळात दुर्मीळच.

पेत्रुस आबेलार (१०७९–११४२) त्याच्याही पुढे गेला. ‘सिक एत नॉन’, म्हणजे ‘होय आणि नाही’, या ग्रंथात त्याने १५८ प्रश्न घेऊन प्रत्येकावर धर्मपित्यांची परस्परविरोधी वचने शेजारीशेजारी लावली आणि निर्णय दिलाच नाही. विद्यार्थ्याने तो शोधावा, ही अपेक्षा. धर्मसभांनी त्याच्या मतांना दोनदा दोषी ठरवले, पण पद्धत टिकली. पेत्रुस लोंबार्दुसने ११५० च्या दशकात वचनांचा जो संग्रह केला, त्यावर भाष्य लिहिल्याशिवाय पुढे कोणालाही धर्मशास्त्राचा आचार्य होता येईना.

मग अरबी वाट उघडली. १०८५ मध्ये ख्रिस्ती राजांच्या ताब्यात आलेल्या तोलेदो शहरात अरबी ग्रंथांचे मोठे भांडार होते. क्रेमोनाच्या जेरार्डने (मृत्यू ११८७) एकट्याने सत्तरांहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. ॲरिस्टॉटलचे निसर्गशास्त्र आणि अध्यात्म, त्यांबरोबर इब्न सिना, थोड्याच वर्षांत इब्न रश्द आणि ज्यू पंडित मैमोनिदीस हेही पॅरिसच्या वर्गांत पोहोचले. चर्च बिचकले. १२१० आणि १२१५ मध्ये पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलचे निसर्गग्रंथ शिकवायला बंदी झाली. १२५५ मध्ये तेच ग्रंथ कला शाखेच्या अभ्यासक्रमात नेमले गेले. मधल्या चाळीस वर्षांत एक बिगरख्रिस्ती ग्रीक माणूस ख्रिस्ती विद्यापीठाचा ‘तो तत्त्ववेत्ता’ होऊन बसला. त्याचे नाव घेण्याची गरजही उरली नाही. इब्न रश्दला नुसते ‘तो भाष्यकार’ म्हणत.

या सगळ्याला मांडणी दिली थॉमस अक्वायनसने. इटलीतल्या एका सरदार घराण्यातला हा मुलगा घरच्यांच्या विरोधाला न जुमानता डॉमिनिकन भिक्षू झाला आणि आल्बेर्तुस माग्नुसच्या हाताखाली शिकला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : बुद्धी आणि श्रद्धा दोन्ही एकाच देवाकडून आल्या, म्हणून त्यांत खरा विरोध असू शकत नाही, दिसला तर कुठेतरी आपला तर्क चुकला आहे. ईश्वर आहे हे बुद्धीने सिद्ध करता येते. तो त्रैक्यरूप आहे हे श्रद्धेनेच कळते. १२६५ पासून तो ‘सुम्मा थेओलोगिए’ लिहीत होता. ६ डिसेंबर १२७३ रोजी त्याने लेखणी ठेवली ती पुन्हा उचलली नाही, आणि ७ मार्च १२७४ रोजी लिआँच्या धर्मसभेला जाताना वाटेत त्याचा मृत्यू झाला. ग्रंथ अपुरा राहिला.

त्याच्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथातले एक तत्त्व इथे महत्त्वाचे आहे. ज्यूंशी वाद करताना जुन्या कराराचा आधार घेता येतो, पाखंडी ख्रिस्ती लोकांशी नव्याचा. पण मुसलमान आणि मूर्तिपूजक यांच्याशी कोणताच ग्रंथ समान नाही, म्हणून तिथे सर्वांना मान्य अशा बुद्धीवरच यावे लागते, असे थॉमस म्हणतो. कागदावर हे उमदे आहे. पण थॉमस पॅरिसला येण्याच्या थोडे आधी, १२४२ मध्ये, त्याच शहरात तालमुदच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या होत्या. वर्गात परक्याचा पूर्वपक्ष सन्मानाने मांडायचा आणि वर्गाबाहेर त्याच्या पोथ्या पेटवायच्या, ही विसंगती पंडिती परंपरेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. शिवाय थॉमसही सुटला नाही. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत त्याच्या मतांशी जुळणारी काही होती. १३२३ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि दोन वर्षांनी पॅरिसने तो निषेध त्याच्यापुरता मागे घेतला. पुढच्या पिढ्यांत डन्स स्कोटस आणि ऑकमचा विल्यम यांनी बुद्धी व श्रद्धा यांतले अंतर पुन्हा वाढवले.

योगायोग असा, की थॉमस वारला त्याच दशकात विदर्भातही ईश्वरविचाराची वेगळीच जुळवाजुळव चालू होती. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाचे केंद्र होते. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे उत्तरापंथे गमन परंपरेने १२७४ च्या सुमाराचे मानले जाते. त्यांच्याशी वाद करायला गर्वाने गेलेला आणि हरून शिष्य झालेला म्हाइंभट पुढे ‘लीळाचरित्र’ लिहितो. केसोबास त्यातून चक्रधरांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध करतात. लोंबार्दुसने केले तेही वचने निवडण्याचेच काम. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून वेगळे आहेत. परमेश्वर सृष्टीहून सर्वथा वेगळा, हे थॉमसलाही मान्य झाले असते. प्रपंच नित्य आहे हे मात्र नाही. दोघांमध्ये देवाणघेवाण अर्थातच नव्हती. पण ‘परमेश्वर’ हा शब्द मराठीत तत्त्वज्ञानाचे ओझे पेलण्याइतका तयार झाला होता, हे खरे; आणि तीनशे वर्षांनी ख्रिस्ती पाद्र्यांनी तोच उचलला.

सोळाव्या शतकात पंडिती तत्त्वज्ञानाला नवे बळ आले ते इबेरियात, सालामांका आणि कोइम्ब्राच्या विद्यापीठांत. नव्या भूभागांतल्या लोकांशी कोणत्या न्यायाने वागावे, हा प्रश्न तिथल्या डॉमिनिकन आचार्यांनी थॉमसच्या चौकटीत चर्चिला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये शिकणाऱ्या इग्नेशियस लोयोला आणि त्याच्या सोबत्यांनी १५३४ मध्ये शपथ घेतली. त्यातून जेझुइट संघ उभा राहिला. सोबत्यांपैकी फ्रान्सिस झेवियर पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटल शिकवत असे. तो मे १५४२ मध्ये गोव्यात उतरला. आदल्याच वर्षी तिथे ‘सांता फे’ नावाच्या मंडळाने देशी मुलांच्या शिक्षणाची सोय सुरू केली होती. तीच संस्था पुढे जेझुइटांकडे जाऊन सेंट पॉल महाविद्यालय झाली. तर्क, निसर्गशास्त्र, अध्यात्म आणि मग धर्मशास्त्र हा युरोपातला क्रम तिथे आला. जेझुइटांच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेने तत्त्वज्ञानात ॲरिस्टॉटल आणि धर्मशास्त्रात थॉमस हे नक्की केले, आणि ती संहिता गोव्यालाही लागू होती.

पॅरिसमध्ये पूर्वपक्ष निदान वर्गात उभा राही. गोव्यात खरा पूर्वपक्षी होता शास्त्री, भट, पुराणिक. आणि त्यालाच हद्दीबाहेर घालवले जात होते. साष्टी आणि बारदेश हे तालुके १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. १५६० मध्ये ब्राह्मणांना हाकलण्याचे हुकूम निघाले, त्याच वर्षी इन्क्विझिशन स्थापन झाले, आणि १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा असे देव जुवारी नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या अंत्रुजात गेले ते याच काळात. पोथ्याही सुटल्या नाहीत. एका ब्राह्मणाच्या घरातून पुराणांची हस्तलिखिते पळवून आणून त्यांचे भाषांतर करवल्याची हकीकत खुद्द जेझुइटांच्या पत्रांत आहे. पाद्र्यांना प्रतिपक्षाचे म्हणणे हवे होते, पण ते सांगायला प्रतिपक्षी समोर नको होता. पोर्तुगालमधल्या ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेली मराठी-कोकणी हस्तलिखिते आजही आहेत. केळशीच्या कृष्णदास शामाची १५२६ मध्ये रचायला घेतलेली कृष्णकथा त्यांतलीच. खंडनासाठी जमवलेल्या या साहित्यामुळेच गोव्याचे जुने वाङ्मय थोडेफार शिल्लक राहिले.

या वातावरणात २४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स गोव्यात आला. विल्टशायरचा हा इंग्रज, प्रॉटेस्टंट झालेल्या मायदेशातून बाहेर पडून रोममध्ये जेझुइट झाला होता आणि तिथल्या रोमन कॉलेजात शिकला होता. त्याची पुढची चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, तेव्हा तो त्याच तालुक्यात होता. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. भाषाशास्त्रज्ञांना हे दोनशे वर्षांनी पद्धतशीरपणे मांडायचे होते.

त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पोर्तुगीज शीर्षकात ते प्रवचन आहे; प्रत्यक्षात ते ओवीबद्ध पुराण आहे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अध्याय असून त्यांना ‘अवस्वर’ म्हटले आहे. सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन आणि आदाम-एवेचे पाप इथून कथा निघते ती ख्रिस्ताच्या जीवनापर्यंत जाते. आरंभी मराठी पुराणकाराच्या रीतीने परमेश्वराला नमन आहे. पुढे मराठीची स्तुतीही येते, आणि तेवढाच भाग आज शाळकरी पुस्तकांत उरला आहे. भाषा मराठी, पण सामान्यांना कळावी म्हणून त्यात कोकणी शब्द मिसळले आहेत.

ग्रंथाचे निमित्तही ग्रंथातच सांगितले आहे. बाटलेल्या लोकांपैकी एक ब्राह्मण पाद्र्याला विनवतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला नवे पुराण तरी द्या. मध्ययुगीन पद्धतीतला आक्षेपक इथे असा येतो. शंका विचारल्या जातात, उत्तरे मिळतात, परंतु विचारणारा आधीच बाप्तिस्मा घेतलेला आहे. गोनिलोला अन्सेल्मशी असहमत राहूनही पोथीत जागा होती. साष्टीतल्या श्रोत्याला तशी मुभा नव्हती. ही उणीव स्टीफन्सची एकट्याची म्हणता येणार नाही, तो राजसत्तेच्या आवारात लिहीत होता. तरी त्याने केलेला एक निर्णय धाडसाचा आहे. शब्द निवडताना त्याने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. विष्णूचे घर उचलून ख्रिस्ताला देणे म्हणजे जुन्या अर्थाची छाया आत येऊ देणे. त्याच्या आधीचे व नंतरचे अनेक पाद्री या भीतीने पोर्तुगीज शब्द तसेच ठेवत. त्यानेही काही ठिकाणी ठेवले आहेत. पण जिथे शब्द सापडला तिथे त्याने तो घेतला, आणि म्हणून पुराण पुराणासारखे वाचता येते. बोएथियससमोर जो प्रश्न ग्रीकमधून लॅटिनमध्ये येताना होता, तोच हा होता.

लिपीचा प्रश्न मात्र सुटला नाही. १६०८ मध्ये स्टीफन्सने रोमला लिहून देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. जोडाक्षरे धरून संख्या सहाशेच्या आसपास जाते, असे त्याने कळवले होते. ते काम झाले नाही. पुराण रोमन अक्षरांतच निघाले. त्याच्या १६४९ आणि १६५४ मध्येही आवृत्त्या निघाल्या, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. मजकूर टिकला तो हस्तलिखितांमुळे.

स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. त्याच वर्षी गोव्यात एक वेगळी वादसभा भरली. मदुरेचा इटालियन जेझुइट रोबेर्तो द नोबिली संन्याशासारखा राहून ब्राह्मणांना जानवे आणि शेंडी ठेवून ख्रिस्ती होऊ देत होता. हे मूर्तिपूजेचे चिन्ह की कुळाची नुसती खूण, यावर गोव्याच्या आर्चबिशपसमोर चर्चा झाली. द नोबिलीचा बचाव सगळा पंडिती होता. कृतीचा हेतू आणि तिचे बाह्य रूप यांत त्याने भेद केला आणि थॉमसचा आधार घेतला. गोव्यातल्या बहुतेकांचा कल त्याच्या विरुद्ध होता. १६२३ मध्ये पोपने मात्र त्याच्या बाजूने निर्णय दिला. थॉमसने सांगितलेला नियम, ग्रंथ समान नसेल तिथे बुद्धीवर यावे, हा मदुरेत खऱ्या पंडितांसमोर वापरला गेला. कारण तिथे पोर्तुगीज शिपाई नव्हते.

गोव्यातली धारा वेगळ्या दिशेने वळली. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ याने संत पेत्राच्या जीवनावर सुमारे बारा हजार ओव्यांचा ग्रंथ केला. तो १६२९ पासून छापला जाऊ लागला. त्यात हिंदू पुराणांचे खंडन भरपूर आहे आणि त्याला मूळ कथा चांगल्या ठाऊक होत्या. ज्ञान स्टीफन्सहून कमी नाही, सूर मात्र चढा आहे. १६५५ मध्ये आंतोनियु द साल्दान्यचे संत अंतोनीचे चरित्र आले. मग १६८४ चा हुकूम निघाला, की तीन वर्षांत देशी लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. तो पूर्णपणे कधीच अमलात आला नाही, पण देशी भाषेत छापण्याची परंपरा मोडायला तेवढे पुरले. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांनाच हद्दपार केले आणि गोव्यातल्या त्यांच्या शाळा दुसऱ्यांच्या हाती गेल्या.

१८७९ मध्ये पोप तेरावा लिओ याने थॉमसचे तत्त्वज्ञान कॅथलिक शिक्षणाचा पाया म्हणून पुन्हा नेमले. त्यानंतर भारतातील धर्मगुरूंसाठी कँडीत निघालेले पोपचे महाविद्यालय १९५५ मध्ये पुण्याला आले. ‘सुम्मा’चे पाठ त्या वर्गांत चालू राहिले. स्टीफन्सच्या पुराणाची मंगळूरची १९०७ ची आवृत्ती रोमन लिपीतच होती. संपूर्ण ग्रंथ देवनागरीत छापून निघाला तो शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली, पुण्यातच, १९५६ मध्ये.